पोटातली साडी आणि तेहतीस मण्यांची चिठ्ठी

दोस्तांनो, एक कोडं घालू?

सहा वार लांब. निऱ्या घालून नीट आवरलेली. पण कपाटात नाही, पेटीत नाही, थेट मोठ्या माणसाच्या पोटात! ओळखा पाहू, कोण?

साडी? छे हो! पोटात साडी कशी असेल?

हे आहे आपलं लहान आतडं. मोठ्या माणसाचं लहान आतडं लांबीला साधारण पाच-सहा मीटर भरतं. कुणाचं थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त. आईची साडी उलगडून अंगणात पसरली, तर जवळजवळ तेवढीच लांब! आणि ही एवढी लांबी बेंबीभोवतीच्या इवल्याशा जागेत गुंडाळून बसलेली असते. नाव मात्र काय, तर 'लहान' आतडं! आहे की नाही गंमत?

मोठं आतडं जेमतेम दीड मीटर लांब. पण ते जाडीला मोठं, म्हणून त्याचं नाव मोठं. नावावर जाऊ नका!

आतून कसं दिसतं?

आता एक प्रयोग करा. दोन ताटल्यांत एकेक पेला पाणी ओता. एका ताटलीत आजोबांचं जुनं, झिजलेलं उपरणं टाका. दुसरीत तेवढाच मोठा टर्किश टॉवेल. जास्त पाणी कोण पिईल?

टॉवेल! का बरं? कारण टॉवेलच्या अंगावर धाग्यांची इवली इवली वेटोळी असतात. प्रत्येक वेटोळं म्हणजे पाणी धरायला आणखी थोडी जागा.

तुमचं आतडंही आतून टॉवेलसारखंच असतं. आधी निऱ्या. निऱ्यांवर मखमलीसारखी बारीक बोटं. एकेक बोट एक मिलिमीटरपेक्षाही कमी उंच. या बोटांना डॉक्टर 'विलाय' म्हणतात. आपण बोटंच म्हणूया. अन्नातला रस शोषून रक्तात पाठवायचा, हे त्यांचं काम.

हे सगळं इस्त्री करून सपाट पसरलं तर? जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं, टेनिसच्या मैदानाएवढं होईल! मग २०१४ साली स्वीडनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी पुन्हा नीट मोजमाप केलं. आणि काय निघालं? तोंडापासून शेवटापर्यंतच्या सगळ्या अन्नमार्गाचं आतलं अस्तर मिळून सुमारे ३२ चौरस मीटर! म्हणजे टेनिसचं मैदान नाही, बॅडमिंटनचं अर्धं मैदान. पुस्तकंसुद्धा चुकतात बरं का! म्हणून पुन्हा मोजायचं असतं.

पण अर्धं मैदान तरी काय कमी आहे? तेही पोटात!

उलटी घसरगुंडी

आणखी एक नवल ऐका. घसरगुंडीवर आपण वरून खाली येतो ना? आतड्याच्या बोटांवर उलटा खेळ चालतो. बोटांच्या बुडाशी छोटे खळगे असतात. त्या खळग्यांत नव्या पेशी जन्मतात. पेशी म्हणजे शरीराच्या घराच्या विटाच समजा. या विटा हळूहळू बोटावर वर वर सरकतात. टोकाला पोचल्या की गळून पडतात. हा सगळा प्रवास तीन ते पाच दिवसांत!

म्हणजे सोमवारी शाळेत डबा खाताना जे अस्तर होतं, ते शनिवारपर्यंत बहुतेक बदललेलं असतं. घराला दर दिवाळीला रंग देतात. आतड्याची मात्र दर आठवड्याला दिवाळी!

साडीचं खणाएवढं झालं तर?

आता थोडी काळजीची गोष्ट. घाबरू नका हं, पुढे छान वळण आहे.

झोपाळ्याच्या दोऱ्यांना पीळ देऊन गरगर फिरलाय कधी? तसा पीळ कधी कधी आतड्यालाच पडतो. पाइप मुडपला की नळाचं पाणी थांबतं. तसं आतड्याला मिळणारं रक्त थांबतं, आणि तेवढा भाग निकामी होतो. खूप लवकर जन्मलेल्या काही बाळांनाही आतड्याचा आजार होतो. मग जीव वाचवायला डॉक्टरांना तो बिघडलेला भाग कापून काढावा लागतो. उरलेली दोन टोकं शिवून जोडतात.

पण किती उरलं, यावर पुढचं सगळं अवलंबून! मोठ्या माणसाचं लहान आतडं दोन मीटरपेक्षा कमी उरलं, की ओढाताण सुरू होते. साडी मागायची आणि हातात ब्लाउजपीस यायचा, तसंच!

काय बिघडतं? आधी एक आकडा ऐका. आपण दिवसभरात फार तर दोन लिटर पाणी पितो. पण आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पाणी येतं! बाकीचं कुठून आलं? आपल्याच शरीरातून! लाळ, जठराचा रस, पित्त, आणखी कितीतरी पाचकरस. पचन झालं की आतडं ते जवळजवळ सगळं परत शोषून घेतं. शेवटी उरतं पेलाभर, तेही नाही.

आतडं आखूड झालं की हे पाणी परत येतच नाही. अन्नही पुरतं शोषलं जात नाही. माणूस जेवतो, पण अंगी लागत नाही. मग शिरेतून अन्न द्यावं लागतं. साधी सलाईन नव्हे बरं. तिच्यात साखर असते, प्रथिनं असतात, स्निग्ध पदार्थ असतात, क्षार आणि जीवनसत्त्वंही असतात. जणू बाटलीतलं ताट! १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅन्ली डड्रिक नावाच्या डॉक्टरांनी आधी कुत्र्याची पिल्लं अशा अन्नावर वाढवून दाखवली. पुढे माणसांची बाळंही त्यावर जगली.

केवढी मोठी गोष्ट! पण रात्र रात्र नळीला बांधून राहायचं, म्हणजे मैत्रिणीकडे मुक्कामालाही जाता येत नाही.

मग उरलेल्या आतड्याला काही करता येईल का?

जऊळक्याची गाडी

चला, जरा वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्याला जाऊन येऊ. या गावाच्या नावातच रेल्वे आहे. लोक म्हणतातच 'जऊळका रेल्वे'! अकोल्याहून वाशीमकडे जाणारी गाडी इथून जाते.

तुमच्या आजोबांना विचारा. ते सांगतील, आधी इथून छोटी गाडी जायची. दोन रुळांमध्ये अंतर फक्त एक मीटर. त्याला म्हणायचे मीटर गेज. मग रूळ बदलले आणि ब्रॉडगेज आलं. अंतर झालं १ मीटर ६७ सेंटिमीटरच्या थोडं वर. मोठे डबे आले, जास्त माणसं मावू लागली.

आता सांगा बरं, अकोला आणि वाशीम यांच्यातलं अंतर वाढलं का? नाही! मार्ग तेवढाच. फक्त रुंदी वाढली.

उरलेलं आतडंही अगदी हेच करतं! मोठ्या माणसाचं कापलेलं आतडं पालीच्या शेपटीसारखं पुन्हा लांब होत नाही. ते रुंद होतं. त्याची भिंत जाड होते. बोटं उंच होतात. खळगे खोल होतात. आत जास्त पेशी तयार होतात. जणू छोटी लाईन होती, तिची मोठी लाईन झाली!

हे काम एका रात्रीत होत नाही. महिने लागतात, कधी वर्ष, कधी दोन वर्षं. रूळ बदलायलाही वेळ लागतोच ना!

आणि लहान बाळांची तर आणखी मजा आहे. नवजात बाळाचं लहान आतडं अडीच मीटरच्या आसपास असतं. बाळ वाढतं तसं तेही लांब होतं. शाळेचा गणवेश घेताना आई 'वाढत्या अंगाचा द्या' म्हणते ना? बाळाचं आतडं तसंच, वाढत्या अंगाचं!

पण थांबा. 'रुंद हो, बोटं वाढव' हे आतड्याला सांगतं कोण? तिथे कोणी स्टेशनमास्तर आहे का?

शेवटची पंगत

आपल्या वऱ्हाडातली रोडग्यांची पंगत आठवा. गरमागरम रोडगे, वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. वाढपी पहिल्या ओळीपासून वाढत येतात. पहिल्या ओळी ताव मारतात. शेवटच्या ओळीपर्यंत बादलीत थोडंच उरतं.

आतड्यात रोज अशीच पंगत बसते. सुरुवातीचा भाग बहुतेक रस शोषून घेतो. शेवटच्या भागापर्यंत थोडंच पोचतं. पण त्या शेवटच्या ओळीत काही खास पेशी बसलेल्या असतात. त्यांचं नाव 'एल पेशी'. लहान आतड्याचा शेवट आणि मोठं आतडं, हा त्यांचा मुख्य पत्ता. त्या जेवायला बसलेल्याच नसतात. त्या बघत असतात, अन्न इथवर आलं का!

आलं, की त्या झटकन चिठ्ठी लिहितात आणि रक्तात टाकतात. शरीरातल्या अशा चिठ्ठीला म्हणतात संप्रेरक, म्हणजेच हार्मोन. या चिठ्ठीचं नाव जीएलपी-टू. चिठ्ठीत काय लिहिलेलं असतं? 'अन्न आलंय! बोटं वाढवा! जागा वाढवा!'

आता पंगतीच्या पहिल्या ओळीच नाहीशा झाल्या तर? भरलेली बादली थेट शेवटी येणार! मग एल पेशी भराभर चिठ्ठ्या लिहितात आणि उरलेलं आतडं कामाला लागतं.

आता खरा पेच बघा. शस्त्रक्रियेत शेवटचीच ओळ गेली तर? चिठ्ठी लिहिणारेच गेले! आतडं वाढायला तयार आहे, पण निरोप देणारं कोणी नाही. बाई वर्गात यायच्या आधी सगळी मुलं वही उघडून बसलीत, आणि बाई आल्याच नाहीत, असं झालं ना!

अजून एक गंमत सांगते. ही चिठ्ठी वाढणाऱ्या पेशींच्या हाती थेट पडतच नाही! ती जाते शेजाऱ्यांकडे, म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंकडे आणि आधार देणाऱ्या पेशींकडे. मग ते शेजारी आपल्या परीने खळग्यांतल्या पेशींना निरोप देतात. अगदी तसंच, जसं घराला कुलूप असलं की पोस्टमनकाका पत्र शेजारच्या काकूंकडे ठेवतात!

चिठ्ठी सापडली कशी?

ही तर हेरगिरीची गोष्ट आहे!

१९७१ साल. लंडनच्या डॉक्टरांनी एका बाईंची हकिगत छापली. त्यांच्या मूत्रपिंडात गाठ होती. पण नवल कुठे होतं? आतड्यात! आतड्याची बोटं भलतीच मोठी झाली होती. डॉक्टरांनी मूत्रपिंडातली गाठ काढली, आणि आतडं पुन्हा पहिल्यासारखं होऊ लागलं.

गाठ एकीकडे, वाढ भलतीकडे! म्हणजे गाठ रक्तातून काहीतरी पाठवत होती. काय बरं?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक धागा मिळाला. शरीर एक लांब माळ ओवतं. तिचं नाव प्रोग्लुकागॉन. ही माळ स्वादुपिंडात एका ठिकाणी कापली जाते, आतड्यात दुसऱ्याच ठिकाणी. एकाच कापडातून एक शिंपी झबलं शिवतो आणि दुसरा टोपडं, तसं! आतड्यातल्या कापणीतून जीएलपी-वन आणि जीएलपी-टू अशी दोन भावंडं निघतात. जीएलपी-वनवरून पुढे मधुमेहाची काही इंजेक्शनं तयार झाली. टू मात्र तेव्हा कोपऱ्यात गप्प बसून होतं. त्याचं काम काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग १९९६ साल आलं. कॅनडातल्या टोरांटो शहरात डॅनियल ड्रकर आणि त्यांचे सहकारी उंदरांवर काम करत होते. काही उंदरांच्या अंगात अशीच माळ ओवणाऱ्या गाठी होत्या. आणि त्यांची आतडी चांगलीच वाढलेली दिसली! मग त्यांनी निरोगी उंदरांना माळेचे वेगवेगळे तुकडे टोचून पाहिले. कोणत्या तुकड्याने आतडं सर्वांत जास्त वाढलं असेल?

कोपऱ्यातल्या जीएलपी-टूने! गप्प बसणारं पोरच वर्गात पहिलं आलं!

कात्री आणि एक मणी

मग काय, ही चिठ्ठी बाटलीत भरायची आणि टोचायची. झालं काम! हो ना?

नाही ना! रक्तात एक कात्री फिरत असते. तिचं नाव डीपीपी-फोर. जीएलपी-टू म्हणजे तेहतीस मण्यांची माळ. ही कात्री तिचे पहिले दोन मणी कचकन कापते. मग चिठ्ठी वाचताच येत नाही! आज चिठ्ठ्या टाकल्या, तर साधारण सात मिनिटांत निम्म्या बाद. मधली सुट्टी व्हायच्या आत सगळा निरोप गुल!

आता शास्त्रज्ञांची हुशारी बघा. त्यांनी सगळी माळ बदलली का? दहा मणी बदलले का? पाच तरी?

फक्त एक! दुसरा मणी. तिथे ॲलानिन नावाचा मणी होता. तो काढून ग्लायसिन नावाचा मणी ओवला. बत्तीस मणी जसेच्या तसे. पण कात्रीची पकड सुटली! सात मिनिटांऐवजी आता तास-दोन तास लागू लागले निम्मी चिठ्ठी संपायला. एवढ्यावर दिवसातून एकच इंजेक्शन पुरतं.

 

या नव्या माळेचं नाव टेड्युग्लुटाइड. जिभेला व्यायाम आहे ना? तीनदा पटापट म्हणून बघा!

माणसांवर काय झालं?

आधी साध्या चिठ्ठीचीच परीक्षा झाली. २००१ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या डॉक्टरांनी आठ रुग्णांची गोष्ट छापली. हे कोण रुग्ण होते, माहितीये? पंगतीची शेवटची ओळ गेलेले! लहान आतड्याचा शेवट नाही, मोठं आतडंही नाही. त्यांना पस्तीस दिवस जीएलपी-टू दिलं. त्यांचं आतडं अधिक अन्न शोषू लागलं, वजनही थोडं वाढलं.

मग मोठी परीक्षा, नव्या माळेची. ८६ रुग्ण. त्यातल्या ४३ जणांना औषध. उरलेल्या ४३ जणांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय मिळालं, हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही! डोळे बांधून खेळलेली आंधळी कोशिंबीरच ही. का? म्हणजे कुणी पक्षपात करायला नको.

चोवीस आठवड्यांनी पट्टी सोडली. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या अन्नपाण्यात निदान पाचव्या हिश्शाची बचत कितीजणांची झाली? औषधवाल्यांत २७ जणांची. दुसऱ्या गटात १३ जणांची. बघा, औषध न घेता १३ जण सुधारले! म्हणूनच तर तुलना करायची असते. नाहीतर सगळं श्रेय औषधच घेऊन गेलं असतं. तरी २७ म्हणजे १३ च्या दुपटीहून जास्त!

पाचवा हिस्सा म्हणजे किती? समजा, आठवड्याच्या पाच रात्री नळी लावावी लागते. एक रात्र सुटली! त्या रात्री मैत्रिणीकडे मुक्काम!

२०१२ साली युरोप आणि अमेरिकेत हे औषध मोठ्या माणसांना द्यायला परवानगी मिळाली. २०१९ साली अमेरिकेत एक वर्षावरच्या मुलांसाठीही मिळाली.

पण हे जादूचं पाणी नाही बरं! सगळ्यांना सारखा गुण येत नाही. औषध थांबवलं की फायदा ओसरू शकतो. ते महागही खूप आहे. आणि चिठ्ठीत लिहिलेलं असतं 'वाढा!' ते वाचून एखादी नको असलेली गाठही वाढू शकते. म्हणून डॉक्टर दुर्बिणीने मोठं आतडं तपासतात, आणि पुढेही लक्ष ठेवतात. शेताला पाणी सोडलं की पिकाबरोबर तणही वाढतं. तुरीच्या शेतात निंदण करावंच लागतं, होय ना?

अजगराची युक्ती

जाता जाता एक शेवटचं नवल.

अजगर एकदा जेवला की कितीतरी दिवस, कधी महिने, उपाशी राहतो. तेवढे दिवस भलंथोरलं आतडं-बितडं सांभाळत कशाला बसायचं? म्हणून उपवासात त्याचं लहान आतडं आक्रसतं. आणि शिकार गिळली, की? ब्रह्मदेशी अजगरावर अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. एक-दोन दिवसांत त्याच्या लहान आतड्याचं वजन जवळजवळ दुप्पट होतं! जेवण पचलं की पुन्हा लहान.

पाहुणे आले की सतरंज्या पसरायच्या, गेले की गुंडाळून ठेवायच्या!

म्हणजे आतड्याला वाढायला लावणारी सगळ्यात जुनी चिठ्ठी कुठली? जेवण! म्हणूनच आतडं कापलेल्या रुग्णाला डॉक्टर होईल तितक्या लवकर तोंडाने थोडं थोडं खायला देतात. नळीतून सगळं मिळत असलं तरीही. दोन चमचे पेज का असेना! रिकामं आतडं सुस्तावतं. आतून घास गेला, की ते जागं होतं.

पुढच्या वेळी जऊळक्याच्या फलाटावर उभे राहाल, तेव्हा रुळांकडे बघा. फलाटावरूनच हं, खाली उतरायचं नाही! मार्ग तेवढाच, पण गाडी मोठी. कशी, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

आणि आज रात्री वरणभाताचा घास घ्याल ना, तेव्हा जरा कान द्या. ऐकू काही येणार नाही. पण थोड्याच वेळात, पंगतीच्या शेवटच्या ओळीत, कुणीतरी तेहतीस मणी ओवायला घेतलेले असतील. तुमच्यासाठी!